दोन उजवे कान

माझ्या बहिणीच्या नवऱ्याला एके काळी एकंदर तीन कान होते आणि त्यांपैकी दोन उजवे होते, हे विधान मी तर्कशास्त्राचा अध्यापक या नात्याने पूर्ण शुद्धीत करीत आहे. जो गेला तो धरला, तर उजवे तीन होतात. पण गेलेल्याची गणना करावी की करू नये, यावर घरात आजतागायत एकमत नाही. ज्या रुग्णालयाने हा प्रकार घडवून आणला, त्याने तो आमच्यापैकी एकालाही धड समजावून सांगितला नाही. ही माझी तक्रार आहे आणि ती मी मागे घेणार नाही. मात्र हे लेखन तक्रारीसाठी नाही, भाऊजींसाठी आहे.

भाऊजी सुतार. दारे, खिडक्या, कपाटे. घराच्या मागे पत्र्याच्या छपराखाली त्यांचा कारखाना आहे. कारखाना हा शब्द त्यांचा, मी त्याला पडवीच म्हणेन. गल्लीत त्यांना सगळे मिस्त्री म्हणतात. माझी ताई, म्हणजे त्यांची बायको, त्यांना ‘अहो’ म्हणते आणि फार चिडली की तीही मिस्त्री म्हणते. त्यांच्या उजव्या कानावर सुताराची ती चपटी, लाल पेन्सिल सदैव असे. लग्नाच्या फोटोतही ती आहे. फोटो काढणाऱ्याने ‘अहो, ते काढा’ म्हणून खूण केली, तेव्हा यांनी पायांतल्या चपला काढल्या. फोटोत नवरदेव अनवाणी आहेत आणि पेन्सिल जागच्या जागी आहे.

काम करताना भाऊजी फार बोलत नसत. माप घेत, हात वर जाई, पेन्सिल खाली येई, रेघ मारली जाई, पेन्सिल परत वर. हे सगळे हातच आपले आपण करी. त्यात भाऊजींचा काही संबंध आहे असे बघणाऱ्याला वाटत नसे. मी पुष्कळ माणसांना काम करताना पाहिले आहे, आणि बहुतेकांना पाहून मला संताप येतो. भाऊजींना पाहताना तो येत नसे.

एके दिवशी करवतीच्या यंत्राचे पाते तुटले, उडाले आणि उजवा कान घेऊन गेले. आणखी काही नेले नाही. तुकडा भुशात सापडला, पण जोडण्याच्या लायकीचा उरला नव्हता. ऐकू येणे शाबूत राहिले, कारण ऐकण्याचे खरे काम आत चालते. “दार जाग्यावर आहे, नुसती चौकट गेली,” असे भाऊजी भेटायला येणाऱ्यांना सांगत. लोक हसत, तेही हसत. आम्हांला वाटले, माणूस सावरला.

सावरले नव्हते ते हात. जखम भरल्यावर भाऊजी पुन्हा फळीसमोर उभे राहिले. माप घेतले, हात वर गेला, आणि तिथे काहीच नव्हते. त्यांनी पेन्सिल डाव्या कानावर ठेवून पाहिली. हात उजवीकडेच जाई. खिशात ठेवली, गळ्यात दोरीने बांधली, ताईने सदऱ्याला खास कप्पा शिवून दिला. हात काही ऐकेना. तो दरवेळी वर जाई, मोकळ्या हवेत घुटमळे, आणि तेवढ्यात डोक्यातले माप निसटे. अशा घोटाळ्यातच त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा एक फळी अपुरी कापली. दुर्दैवाने ती माझ्या पुस्तकांच्या कपाटाच्या दाराची होती. दार बसवल्यावर खाली बोटभर फट राहिली. मी त्याबद्दल बोललो, कारण फटीतून धूळ जाते आणि पुस्तके माझी आहेत. भाऊजींनी त्या फटीत बोट घातले आणि बराच वेळ ते तिथेच ठेवले.

त्यानंतर त्यांनी यंत्रावर चादर टाकली. मापे घ्यायला लोकांच्या घरी जाणे बंद केले. ऐन उन्हाळ्यात ते कानटोपी घालून ओट्यावर बसू लागले.

“लोक विचारतात, मिस्त्रींना हिवताप आहे का?” ताई मला म्हणाली. “मी म्हटलं, हो, आहे. दुसरं काय सांगणार? पेन्सिल ठेवायला जागा नाही म्हणून माणूस बसून आहे, असं सांगू?”

नव्या कानाची गोष्ट निघाली ती डॉक्टरीणबाईंमुळे. त्या मोठ्या रुग्णालयात तुटलेफुटलेले चेहरे नीट करण्याचे काम करीत, आणि त्यांच्या घरची पुस्तकांची मांडणी भाऊजींनी केलेली होती. आणखी एक मांडणी हवी म्हणून त्या आल्या, आणि भाऊजींनी नकार देण्यासाठी टोपी काढली. बाईंनी मांडणीचा विषय तिथेच सोडला.

“मिस्त्री, तुमच्याच कानापासून तुम्हांला नवा कान वाढवून देता येईल. आम्ही सध्या असे थोडे रुग्ण घेतोय.”

“वाढवून म्हणजे? कलम लावून?”

“जवळपास तसंच. डाव्या कानाच्या मागून कूर्चेचा, म्हणजे त्या लवचीक हाडाचा, नखाएवढा तुकडा घ्यायचा. त्यातल्या पेशी सुट्या करायच्या, पोषक द्रवात वाढवायच्या. मग डाव्या कानाचं माप घेऊन, त्याच्या उलट आकाराचा एक सांगाडा करायचा...”

“उलट साचा. खुर्चीचा डावा हात उजव्यावरून करतो तसा.”

“अगदी तसा. त्या सांगाड्यावर पेशी पेरायच्या. त्या आपली कूर्चा तयार करतात, आणि सांगाडा हळूहळू विरघळून जातो.”

इथपर्यंत भाऊजींची मान हलत होती. इथे ती थांबली.

“सांगाडा विरघळला, तर मग आकार कुणाच्या जिवावर उभा?”

“तोपर्यंत कूर्चा घट्ट झालेली असते.”

“आणि नसली झाली तर?”

“तेच तर आम्ही बघतोय,” बाई म्हणाल्या.

हे उत्तर मला त्या वेळीही पटले नाही आणि आजही पटत नाही. ज्या गोष्टीचे उत्तर ‘तेच आम्ही बघतोय’ असे आहे, ती माणसाच्या डोक्याला बसवण्यापूर्वी बघून घ्यावी, इतकी माझी साधी अपेक्षा होती. पण ताईने मला स्वयंपाकघरात बोलावून बजावले, “तू शिकलेला आहेस म्हणून तुला बरोबर नेणार आहे. भांडायला नाही. समजून घ्यायला.”

मी समजून घ्यायला गेलो. ज्या बाकावर बसून समजून घ्यायचे होते, त्याचा एक पाय आखूड होता. भाऊजींनी खिशातला पुठ्ठा दुमडून त्याखाली सारला, तेव्हा कुठे आम्ही डुलायचे थांबलो. हातात एक माहितीपत्रक देण्यात आले. त्यातले पहिले वाक्य असे होते : “सदर रचना ही स्वकीय पेशीजन्य असल्याकारणाने परकीयत्वजन्य प्रतिक्रियेचा संभव तुलनेने अल्प संभवतो.” मी भाषेवर आणि विचारावर आयुष्य काढलेला माणूस. मी ते वाक्य तीनदा वाचले.

“काय म्हणतंय?” भाऊजींनी विचारले.

“म्हणतंय की, कान तुमचाच असल्यामुळे तुमचं शरीर त्याला बहुधा परका समजणार नाही.”

“बहुधा?”

“बहुधा.”

“बाकी सगळं आयुष्य असंच गेलं म्हणा,” भाऊजी म्हणाले आणि होकार देऊन मोकळे झाले.

डाव्या कानामागचा तुकडा घेतला गेला. उजव्या बाजूला, जिथे कान बसायचा होता, तिथल्या कातडीखाली एक लहान पिशवी घालण्यात आली. दर खेपेला तिच्यात सुईने थोडे पाणी भरत, म्हणजे कातडी ताणून नव्या कानाला पुरेशी होईल. त्यामुळे मधल्या काळात कानाच्या जागी टेंगूळ आले. कानटोपी आता त्यावर बसेना. शेजारीण ताईला म्हणाली, “अगं, कान उगवायला लागला वाटतं!” ताई म्हणाली, “छे, हा नुसता वाफा केलाय. रोप तिकडे वाढतंय.”

तिकडे म्हणजे रुग्णालयाच्या वरच्या मजल्यावर, अंगाइतक्या उबेच्या कपाटात. तिथल्या पेशींना ठरावीक दिवशी नवा द्रव घालतात, असे बाईंनी सांगितले होते. ताईने ते वेगळ्याच अर्थाने मनावर घेतले. वसतिगृहात ठेवलेल्या मुलाची करावी तशी ती चौकशी करू लागली. “आज जेवला का?” असे तिने फोनवर विचारले, तेव्हा पलीकडून उत्तर यायला बराच वेळ लागला. भाऊजींना मात्र रात्रंदिवस एकच कोडे होते. आपण इथे ओट्यावर बसलो आहोत आणि आपला कान तिकडे आहे. मग तो आपला केव्हापासून? डोक्याला लागल्यापासून की आतापासून?

“मास्तर, तुमच्या शास्त्रात याचं काय आहे?”

मी म्हणालो, “माझ्या शास्त्रात एक वस्तू एका वेळी एकच असते.”

“मग तुमचं शास्त्र बरंच सोपं आहे.”

कोड्याने खरा पेच टाकला तो शस्त्रक्रियेचा दिवस ठरवायला आम्ही गेलो तेव्हा. बाई प्रसन्न होत्या. हात पुसत पुसत सहज म्हणाल्या, “दोन्ही छान आलेत.”

“दोन्ही कोण?” ताईने विचारले.

“दोन्ही कान.”

ताईने आणि मी भाऊजींच्या डाव्या कानाकडे पाहिले. त्या कानाने काय केले होते, कुणास ठाऊक.

“नाही, नाही. उजवेच दोन. एखादा आक्रसतो, एखादा पीळ खातो, म्हणून आम्ही नेहमी दोन वाढवतो. तुम्हांला सांगितलं होतं ना?”

कुणीही सांगितले नव्हते. मी तसे म्हणालो. पत्रकाच्या शेवटच्या परिच्छेदात आहे, असे बाई म्हणाल्या. मी शेवटचा परिच्छेद तिथल्या तिथे वाचून दाखवला आणि त्यातले कोणते वाक्य ‘दोन’ असे सांगते, ते दाखवण्याची त्यांना विनंती केली. बाईंनी वाचले. मग त्यांनीही पुन्हा वाचले.

“एक मला बसवणार,” भाऊजी शेवटी म्हणाले. “दुसऱ्याचं काय?”

“तो आमच्याकडे राहील.”

“का?”

“म्हणजे... उरलेला.”

इथे भाऊजींच्या धंद्याची एक रीत सांगितली पाहिजे. गिऱ्हाइकाने लाकूड आणून दिले असेल, तर उरलेला तुकडा गिऱ्हाइकाचा. कितीही लहान असो, भाऊजी तो सुतळीने बांधून कामाबरोबर परत देत. माझ्या माळ्यावर अशा निरुपयोगी तुकड्यांची एक मोळीच आहे. तेव्हा भाऊजी उठले, टेंगूळ सांभाळत त्यांनी टोपी घातली आणि म्हणाले, “लाकूड माझं आहे. उरलेलं मला द्या. नाहीतर पहिलाही नको.”

आणि ते खरोखरच घरी आले.

घरी जो गोंधळ झाला, त्यात कोण कुणाच्या बाजूने होते, हे मला आजही नीट सांगता येणार नाही. मी भाऊजींच्या बाजूने बोलायला सुरुवात केली, कारण रुग्णालयाविरुद्ध बोलण्याची संधी होती. पण बोलता बोलता माझ्या लक्षात आले की त्यांना नेमके काय हवे आहे, हेच मला कळलेले नाही.

“दुसरा कान घेऊन तुम्ही काय करणार?”

“काय करणार म्हणजे?”

“कपाटात ठेवणार? बाटलीत?”

“ते मी बघीन.”

“अहो, एक होता तो गेला, तेव्हा ओट्यावर बसलात,” ताई कडाडली. “आता दोन मिळतायत, तरी ओट्यावरच बसलात! लोकांना सांगू तरी काय? हिवताप होता, आता कान जास्त झाले?”

“अगं, तसं नाही. मी इथे बोलतोय, आणि तो तिकडे आहे. कुणी त्याच्याशी काय बोलतंय, काय करतंय...”

“त्याला ऐकू येत नाही, मिस्त्री! ती चौकट आहे, तुम्हीच म्हणता!”

पण भाऊजींना ते पटले नाही. मी त्यांना शांतपणे विचारले की, तुमची नखे आणि केस तुम्ही कापून टाकता, त्यांची चौकशी कधी केली आहे काय? त्यांनी बराच विचार केला. “नखं मी नवी मागितली नव्हती,” ते म्हणाले.

रुसवा लांबत चालला. तिकडे कान तयार होते, इकडे कातडी ताणून तयार होती, आणि बाईंचा निरोप आला की दोहोंपैकी कुणीही फार काळ थांबणार नाही. शेवटी भाऊजी एका अटीवर तयार झाले, की दोन्ही कान आधी डोळ्यांनी बघायचे. बाईंनी परवानगी काढली. कशी काढली ते मला माहीत नाही. मला त्या ठिकाणी साधा दाखला कधी मिळालेला नाही.

वरच्या मजल्यावर काचेच्या भिंतीपलीकडे मुखपट्टी लावलेली प्रयोगशाळेतली एक मुलगी उभी होती. तिने दोन झाकणबंद काचपात्रे काचेजवळ आणून धरली. गुलाबी पाण्यात दोन पांढुरके कान. केस नाहीत, रंग नाही, सुरकुती नाही, आणि तरीही तो आमच्या भाऊजींचाच कान होता. वरची कड थोडी बाहेर झुकलेली, खालची पाळी आखूड. ताईने तोंडावर हात ठेवला. मला अचानक वाटले की आपण इथे मोठ्याने बोलू नये. याचे कारण मी देऊ शकत नाही.

“यातला माझा कोणता?” भाऊजींनी विचारले.

“दोन्ही तुमचेच,” आमच्या शेजारी उभ्या असलेल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

“तसं नाही. पहिला कोणता आणि जास्तीचा कोणता?”

बाई गोंधळल्या. “असं काही नसतं, मिस्त्री. त्या वेळी जो बरा वाटेल तो बसवायचा.”

“आणि राहील त्याचं नेमकं काय करता? खरं सांगा.”

“कापतो. आत कूर्चा कशी धरली आहे, सांगाडा किती विरलाय, ते बघतो. त्याशिवाय तुमच्या डोक्यावरच्या कानात काय चाललंय, ते आम्हांला कळणार कसं? तो तर कापता येत नाही.”

भाऊजी काचेला कपाळ टेकून उभे राहिले. मग हळूच म्हणाले, “जोड मोडून बघतात, तसं.”

“म्हणजे?”

“लाकूड चिकटवायचा नवा सरस आला की मी दोन जोड करतो. एक मोडून बघतो, धरलंय का. धरलं असलं, तर दुसरा वापरतो.” त्यांनी काचेवर बोट टेकवले. “पण मला दरवेळी वाटतं, मोडला तोच जास्त पक्का होता.”

“मग?” ताईने विचारले.

“मग काय. मोडल्याशिवाय कळत नाही, आणि मोडल्यावर कळून उपयोग नाही.” ते काचेपासून दूर झाले. “बसवा, बाई. पण कोणता बसवला ते मला सांगू नका.”

ज्या माणसाने आदल्या आठवड्यापर्यंत दुसऱ्या कानासाठी घर डोक्यावर घेतले होते, त्याचीच ही अट होती. मी खाली येईपर्यंत तिची संगती लावत होतो. ती लागली नाही.

कान बसला. पट्ट्या निघाल्यावर तो लालभडक आणि सुजलेला होता. पुढे सूज उतरली आणि रंग बराचसा गालाशी जुळला. किंचित जाड आहे, पण ते सांगितल्याशिवाय लक्षात येत नाही, आणि मी ते फक्त दोघातिघांना सांगितले आहे. शेजारीण म्हणाली, “हुबेहूब!” भाऊजी आरशासमोर उभे राहून त्याला बोट लावीत.

“मास्तर, गंमत बघा. बोटाला कान लागतो, पण कानाला बोट लागत नाही. दुसऱ्याचाच कान धरल्यासारखं वाटतं. माफी मागावीशी वाटते.”

बधिरपणा काही अंशी जाईल किंवा जाणार नाही, असे बाईंनी सांगितले. आणखी एक गोष्ट त्यांनी फार कडक आवाजात सांगितली. त्या सांगेपर्यंत या कानावर काहीही ठेवायचे नाही. टोपी नाही, चष्मा नाही, पेन्सिल तर मुळीच नाही. कूर्चा अजून कोवळी आहे. भार पडला तर दुमडेल, आणि दुमडलेला कान त्यांना सरळ करता येणार नाही.

भाऊजींनी मान डोलावली. घरी येऊन त्यांनी यंत्रावरची चादर काढली आणि परत घातली. कारण हात पूर्वीसारखाच वर जाई. फरक इतकाच, की आता तिथे कान सापडे. तो सापडला की हात दचके, बाईंचा आवाज आठवे, आणि माप डोक्यातून निघून जाई.

“आधी कान नव्हता म्हणून काम नाही,” ताई म्हणाली, “आता कान आहे म्हणून काम नाही. मला कुणीतरी सांगा, आम्ही एवढं सगळं केलं ते कशासाठी?”

मी शिकलेला असल्यामुळे तिने माझ्याकडे पाहिले. मी कपाटाच्या फटीचा विषय काढला. दुसरे काही बोलायचे नव्हते म्हणून काढला, हे नमूद करतो. भाऊजी म्हणाले, “नवीन दार करून देतो. सावकाश करीन.”

सावकाश म्हणजे ऋतू पालटला. मग एका दुपारी ताईने बोलावले म्हणून मी गेलो, तर मागून रंध्याचा आवाज येत होता. भाऊजी माझ्या दाराच्या फळीवर वाकले होते. पायांत भुसा, सदऱ्याच्या बाह्या दुमडलेल्या. मी दारातच उभा राहिलो. त्यांनी माप घेतले, फळीची कड डोळ्यासमोर धरून बघितली, पुन्हा माप घेतले, आणि मग चिडून इकडेतिकडे पाहू लागले.

“मास्तर, पेन्सिल बघितलीत का? आत्ता इथं होती.”

त्यांनी फळी उचलून खाली पाहिले. भुसा पायाने उकरला. सदऱ्याचा कप्पा चाचपला. ते वळले, आणि मला त्यांची उजवी बाजू दिसली. लाल, चपटी पेन्सिल नव्या कानावर आडवी होती. रेघ मारून हाताने ती आपली आपण वर ठेवून दिली होती, भाऊजींना न विचारता. आणि कानाला काही लागत नसल्यामुळे त्यानेही त्यांना कळवले नव्हते. कान दुमडलेला नव्हता. ताठ उभा होता.

बाईंची सक्त ताकीद मला शब्दशः पाठ होती, आणि नियम मोडलेला दिसला की गप्प बसणे मला आयुष्यात जमलेले नाही. मी तोंड उघडले. मागे ताई चहाचे पेले घेऊन उभी होती. तिने मानेने ‘नाही’ म्हटले. मी तोंड मिटले.

“इथंच होती हो,” भाऊजी पुटपुटले. पुन्हा माप घेतले. हात वर गेला, आणि पेन्सिल घेऊन खाली आला.

ते तिच्याकडे बघत राहिले. मग कानाला बोट लावले, मग पुन्हा पेन्सिलीकडे पाहिले.

“कधीपासून?” त्यांनी आम्हांला विचारले.

“माहीत नाही,” मी म्हणालो. ते खरे होते.

“चहा निवतोय,” ताई म्हणाली.

भाऊजींनी आधी रेघ मारली. मग पेन्सिल हातात धरून किंचित थांबले, काय करावे ते न समजल्यासारखे. आणि ती माझ्याकडे दिली. मी ती चहा पिऊन होईपर्यंत धरून बसलो.

दार बसले आहे. या खेपेला ते अपुरे नाही. उलट केसभर जास्तच झाले आहे आणि उघडताना खाली घासते. ती तक्रार मी अद्याप केलेली नाही.